परसातील कोंबडी आणि सायंकाळचे खाद्य

कोल्हापूर जिल्ह्यात ऊस, भात आणि म्हैस यांचा हिशेब प्रत्येक घरी ठेवला जातो. परसातील कोंबडीचा मात्र कोणी ठेवीत नाही. पाहुणा आला आणि रश्श्याची वेळ झाली, की मगच तिची आठवण होते. परंतु अंड्यांचे पैसे बहुधा घरच्या स्त्रीच्या हाती राहतात व मुलांच्या वह्या, मीठ-मिरची असा किरकोळ खर्च त्यांतून भागतो. यास्तव योजनेतून वाटलेल्या तलंगा अंडी देतात की नुसत्याच फिरतात, याची विचारपूस ग्रामपंचायतीने केली पाहिजे.

गावठी कोंबडी वर्षाला साधारणपणे ६० ते ८० अंडी देते. बंगळूर येथील कृषी विद्यापीठाने विकसित केलेली गिरिराज किंवा हैदराबाद येथे विकसित झालेली वनराज याहून पुष्कळ अधिक अंडी देऊ शकते. पण तिचे शरीर मोठे असल्याने गरजही मोठी असते. प्रत्यक्षात दोघींच्याही वाट्याला तीच एक मूठ कणी किंवा उरलेला भात येतो. कणीने पोट भरते, अंडे घडत नाही. ५० ग्रॅमच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि त्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. हे दोन्ही कोंबडीला बाहेरून मिळावेच लागते.

उकिरडा, बांध व गोठा येथून तिला काय मिळते, हे ऋतूवर अवलंबून असते. भाताच्या सुगीत खळ्यावर दाणा मुबलक असतो. त्या दिवसांत आणखी धान्य टाकणे व्यर्थ होय. पावसाळ्यात किडे व हिरवा पाला मिळतो, पण गगनबावडा, राधानगरीसारख्या भागात संततधारेमुळे कोंबडी खुराड्याबाहेर पडूच शकत नाही. चैत्र-वैशाखात गवत वाळते, किडे नाहीसे होतात आणि प्रथिनांची खरी उणीव तेव्हा भासते. अशा वेळी शेवग्याचा पाला किंवा लसूणघास दिल्यास अंड्याचा बलकही चांगला पिवळा येतो.

पूरक खाद्यासाठी दोन भाग मक्याचा भरडा किंवा कणी आणि एक भाग शेंगदाणा वा सोयाबीन पेंड हे मिश्रण पुरेसे आहे. फिरणाऱ्या कोंबडीस त्याचे दिवसाला ३० ते ५० ग्रॅम, मुख्यतः सायंकाळी, द्यावे. सकाळीच पोटभर दिल्यास ती चरायला जात नाही. किती द्यावे याचा अंदाज हातानेच घेता येतो. तिन्हीसांजेला गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपून पाहावी. ती सैल असेल तर खाद्य वाढवावे. छातीचे हाड धारदार लागले तर कोंबडी खंगलेली आहे. उलट ते मांसाखाली दडून पोट चरबीने जड झाले असेल, तर खाद्य कमी करावे. जड जातीच्या कोंबड्यांत हा दोष वारंवार आढळतो. त्या डोळ्यांत भरतात, पण अंडी थोडी देतात.

खर्चाचा अंदाज वाटपापूर्वीच सांगितला जावा. २५ तलंगा व ३ नर अशा गटाला प्रत्येकी ४० ग्रॅमप्रमाणे रोज १ किलो १२० ग्रॅम, म्हणजे महिन्याला सुमारे ३४ किलो मिश्रण लागते. केवळ पिंजऱ्यात ठेवून पूर्ण खाद्यावर पोसल्यास याच्या पावणेतीनपट लागेल. ही आकडेमोड शिक्षकांनी गणिताच्या तासाला मुलांकडून करवून घेण्यास हरकत नाही.

चुन्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा; अंड्यावर आलेली कोंबडी गरजेपुरता खाते. घरातील अंड्यांची टरफले धुऊन, वाळवून व बारीक कुटून दिली तरी चालतात. लहान पिलांना मात्र हा चुरा देऊ नये, त्यांच्या मूत्रपिंडांना अपाय होतो. कोंबडीला दात नसल्याने दाणे दळण्यासाठी बारीक खडे लागतात, ते परसात मिळतातच. स्वच्छ पाणी सतत असावे. खुडूक बसलेल्या कोंबडीजवळ दाणा-पाणी ठेवावे, कारण ती दिवसातून फार थोडा वेळ उठते.

कच्चे सोयाबीन घालू नये. त्यातील घटकांमुळे प्रथिने नीट पचत नाहीत. ते भाजून, भरडूनच वापरावे. शेंगदाणा पेंडीला पावसाळ्यात बुरशी धरते आणि तिच्या विषाने यकृत बिघडते. ओलसर, कुबट वासाची पेंड उन्हात वाळवूनही निर्धोक होत नाही. ती टाकून द्यावी, आणि पावसाळ्यात पेंड पंधरा दिवसांपुरतीच आणून जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावी.