कॉफी : क्वाथ की फांट?
(गृहसिद्ध कॉफीचा भैषज्यकल्पनेच्या दृष्टीने विचार)

प्रस्तावना

रुग्णाच्या आहाराची पृच्छा करताना ‘चहा की कॉफी?’ आणि ‘दिवसातून किती वेळा?’ असे दोन प्रश्न आपण विचारतो आणि बहुधा ‘कॉफी वर्ज्य’ असे लिहून मोकळे होतो. रुग्ण हे पथ्य पाळत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. ‘कॉफी करता कशी?’ हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. कल्पनाभेदाने एकाच द्रव्याचे गुणकर्म बदलते, हे तत्त्व औषधाच्या बाबतीत आपण कटाक्षाने पाळतो. तेच रुग्णाच्या पेल्यातील पेयालाही लावून पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञेचा घोटाळा

दक्षिण भारतात फिल्टरमधून उतरणाऱ्या अर्काला ‘डिकॉक्शन’ म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत हाच इंग्रजी शब्द क्वाथासाठी योजलेला असतो. परंतु शार्ङ्गधराने मध्यमखंडात सांगितलेल्या कल्पनांशी ताडून पाहिल्यास फिल्टर कॉफी क्वाथ ठरत नाही. क्वाथात १ भाग द्रव्य १६ भाग पाण्यात उकळून अष्टमांश उरवावयाचे असते. फांटात मात्र १ भाग चूर्णावर ४ भाग उष्ण जल घालून, ते न उकळता गाळून घ्यावयाचे असते. फिल्टरमध्ये हेच घडते. अर्थात नाव क्वाथाचे असले, तरी कल्पना फांटाची आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. मृदू व सुगंधी द्रव्यांसाठी फांट योजावा, कारण उकळल्याने त्यांतील उडनशील अंश निघून जातो. भाजलेल्या कॉफीचा गंध अशाच उडनशील घटकांवर अवलंबून असतो. पूड दीर्घकाळ उकळल्यास गंध जातो आणि तिक्त व कषाय अंश अधिक उतरतो. मग तो कडवटपणा झाकण्यासाठी साखर वाढते. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत ही वाढीव साखरच खरी चिंतेची बाब होय.

द्रव्यपरीक्षण

१) जाती : अरेबिका व रोबस्टा या दोन मुख्य जाती. रोबस्टामध्ये कॅफीनचे प्रमाण अरेबिकाच्या सुमारे दुप्पट असते. निद्रानाश, हृद्द्रव अथवा अम्लपित्त असलेल्या रुग्णाने अरेबिकाप्रधान पूड घ्यावी.

२) चिकोरी : चिकोरी म्हणजे आपल्या परिचयाच्या कासनीचे भाजलेले मूळ. त्यात कॅफीन नसते. भारतीय नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि मिश्रणाचे प्रमाण वेष्टनावर छापणे आवश्यक असते. औषधाचे लेबल आपण वाचतो, तसे हेही वाचावे.

३) चूर्ण : फिल्टरसाठी पूड मध्यम बारीक असावी. वस्त्रगाळ पुडीने छिद्रे बुजतात. भरड पुडीतून पाणी त्वरेने निघून जाते व अर्क पातळ उतरतो.

४) साठवण : चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, असे शार्ङ्गधर म्हणतो. कॉफीच्या पुडीचा गंध त्याहूनही लवकर उतरतो. म्हणून पंधरा दिवस पुरेल एवढीच ताजी पूड आणून ती हवाबंद डब्यात, कोरड्या जागी ठेवावी.

सिद्धी (दोन कपांसाठी)

फिल्टरच्या वरच्या, सच्छिद्र भांड्यात २० ग्रॅम पूड घालून चकतीने हलकेच दाबावी. १२० मि.लि. पाणी उकळून आचेवरून उतरवावे व अर्धा मिनिट थांबावे. आरंभी पूड भिजेल एवढेच पाणी घालावे. अर्ध्या मिनिटाने उरलेले पाणी वर्तुळाकार ओतून झाकण ठेवावे. पंधरा ते वीस मिनिटांत सुमारे ८० मि.लि. अर्क खालच्या भांड्यात उतरतो. दूध स्वतंत्र तापवून प्रत्येक कपात ४० मि.लि. अर्क व १०० मि.लि. दूध मिसळावे. अर्क पुन्हा उकळू नये, तसेच सकाळचा अर्क सायंकाळी तापवून घेऊ नये. महाराष्ट्रातील रीतीप्रमाणे किंचित जायफळ उगाळून घालावयाचे असल्यास ते शेवटी घालावे.

चिकित्सकाने सांगावयाचे

कॉफीचा उल्लेख आपल्या संहितांत नाही. तिचे रसगुण अनुमानानेच ठरवावे लागतात. पुढील गोष्टी मात्र आधुनिक अभ्यासातून स्पष्ट झालेल्या आहेत.

मात्रा : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत कॅफीनची दैनिक मर्यादा ३०० मि.ग्रॅ. सांगितली आहे. उकळत्या पाण्याने सिद्ध केलेल्या १५० मि.लि. कॉफीत ८० ते १२० मि.ग्रॅ. कॅफीन असते. गर्भिणीने याहूनही कमी घ्यावे.

काल : भोजनापूर्वी व भोजनानंतर एक तास कॉफी टाळावी, कारण ती अन्नातील लोहाच्या शोषणास बाधा आणते. पांडुरोगात लोह वा मंडूर कल्प देताना हेच अंतर पाळणे युक्त होय. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीही गोळीनंतर किमान अर्धा ते एक तास थांबावे. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास सुमारे पाच तास लागतात. सबब निद्रानाशाच्या रुग्णाने दुपारनंतर कॉफी घेऊ नये.

गाळण : न गाळता उकळलेल्या कॉफीतील स्निग्ध अंश रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवितो. कागदी गाळणीत तो अडकतो; धातूच्या गाळणीतून काही अंश उतरतो. मेदोदुष्टीच्या रुग्णास कागदी गाळणी सुचवावी.

सारांश

द्रव्य, प्रमाण, संस्कार व काल यांचा विचार करून दिलेले पथ्य रुग्णाला पटते आणि म्हणून तो ते पाळतो. ज्या पांडुरोग्याला ‘कॉफी सोडा’ म्हटल्यावर तो गप्प बसून औषधाबरोबरच कॉफी पीत राहतो, तोच ‘औषधानंतर एक तास थांबून, उकळी न काढता करा’ असे सांगितल्यास ऐकतो. तेव्हा वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या रुग्णपत्रकात हा तिसरा प्रश्न अवश्य समाविष्ट करावा, ही विनंती.