शाळेचा संगणक : आज घ्यावा की थांबावे?

प्रास्ताविक

ग्रामीण प्राथमिक शाळेत संगणक असावा की नसावा, हा वाद आता फारसा उरलेला नाही. विद्यार्थ्यांची माहिती सरल व यू-डायस प्लस या प्रणालींत भरावी लागते. पाठांना पूरक असे साहित्य २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या राष्ट्रीय व्यासपीठावर मिळते. वाद उरला आहे तो वेळेचा. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एक सदस्य म्हणतो, "पैसा हाती आहे तोवर संगणक घेऊन टाकावा." दुसरा म्हणतो, "पुढील वर्षी याहून चांगला आणि याहून स्वस्त मिळेल, थोडे थांबावे." दोन्ही मतांत काही तथ्य असल्यामुळे विषय पुढील सभेवर ढकलला जातो. असे दोन-तीन वेळा घडले म्हणजे वर्ष संपते आणि कोणी न घेतलेला निर्णय आपोआप अंमलात येतो.

हा निर्णय कोणत्या कसोट्यांवर घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणासाठी वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातील पोहरादेवीचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी, जगदंबा देवीचे मंदिर व रामनवमीची यात्रा यांमुळे हे क्षेत्र देशभरच्या बंजारा समाजास परिचित आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. परंतु शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी दोन आहेत. भोवतालच्या तांड्यांतील मूल घरी गोरबोली बोलते आणि शाळेत प्रमाण मराठी ऐकते, ही एक. दसरा-दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीसाठी अथवा अन्य मजुरीसाठी बाहेर पडतात व त्यांची मुले शाळेपासून दुरावतात, ही दुसरी. अशा शाळेत "एक वर्ष थांबू" या शब्दांचा अर्थ शहरातील शाळेपेक्षा निराळा होतो.

एक ऐतिहासिक दाखला

'आज की उद्या' हा प्रश्न भारतात संगणकाइतकाच जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० नंतरच्या दशकात स्वदेशी संगणक बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील त्या गटातील बहुतेकांनी पूर्वी संगणक हाताळलेला नव्हता. १९५६ साली प्रायोगिक यंत्र सिद्ध झाले आणि १९६० साली पूर्ण यंत्र चालू झाले. पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी त्यास 'टिफ्रॅक' असे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याच्या स्मृतीत ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या साध्या संगणकातील ८ जीबी स्मृती त्याच्या आठ लक्षांहून अधिक पट भरते.

यंत्र पूर्ण होईतो जगात निर्वात नलिकांची जागा ट्रान्झिस्टर घेऊ लागले होते. म्हणजे टिफ्रॅक कामास लागला तेव्हाच तो मागील पिढीचा ठरत होता. तरीही त्यावर अनेक शास्त्रज्ञांची गणिते सुटली आणि आज्ञावली लिहिण्याची विद्या शिकलेली माणसे तयार झाली. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा कितीतरी मोठा संगणक आला, तेव्हा तो वापरू जाणणारे हात तेथे आधीच होते. ट्रान्झिस्टरची वाट पाहत ते शास्त्रज्ञ स्वस्थ बसले असते, तर नवे यंत्र आले असते. पण ते चालविण्याची तयारी मात्र त्याच्या आगमनानंतर करावी लागली असती.

या दाखल्यावरून 'जे मिळेल ते त्वरित घ्यावे' असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. त्या गटाजवळ करावयाचे काम निश्चित होते. यंत्र जुने पडले तरी काम जुने पडले नाही, हे येथे ध्यानात घ्यावयाचे आहे.

"पुढे स्वस्त होईल" हे कितपत खरे?

संगणकाच्या क्षेत्रात अनेक दशके तेवढ्याच पैशांत अधिक शक्ती मिळत गेली, यात संशय नाही. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली वर्तविले होते की एका चकतीवरील घटकांची संख्या ठराविक काळाने दुप्पट होत जाईल, आणि पुढील काळात ते पुष्कळ अंशी खरे ठरले. तथापि शक्ती वाढणे आणि किंमत उतरणे या दोन गोष्टी प्रत्येक वर्षी हातात हात घालून चालत नाहीत. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, तेथील कारखाने बंद पडले आणि हार्ड डिस्कच्या किमती जगभर वाढल्या. २०२०-२१ मध्ये करोनाच्या साथीबरोबर चकत्यांची टंचाई आली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड माहिती-केंद्रांची मागणी इतकी वाढली की स्मृतीच्या चकत्या महागल्या. यांपैकी प्रत्येक प्रसंगी जो 'स्वस्त होईल' म्हणून थांबला, त्यास अधिक दाम मोजावे लागले.

यावरून किमतीचे भाकीत हा निर्णयाचा आधार करू नये, हे उघड आहे. जे भाकीत व्यापाऱ्यालाही साधत नाही, ते शाळा व्यवस्थापन समितीने करीत बसण्याचे कारण नाही.

थांबण्याचा हिशेब

आता, थांबल्याने खरोखरच किंमत उतरते असे क्षणभर मानू. उदाहरणादाखल संगणकाची किंमत ४०,००० रुपये, त्याचे उपयुक्त आयुष्य ५ वर्षे आणि त्याचा लाभ घेणारे विद्यार्थी ४० धरू. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षास किमान २०० दिवस काम होणे आवश्यक आहे. म्हणजे पाच वर्षांत १,००० दिवस झाले. ४०,००० भागिले १,००० म्हणजे दिवसास ४० रुपये, आणि विद्यार्थ्यामागे दिवसास १ रुपया.

एक वर्ष थांबून ४,००० रुपये वाचले असे समजू. त्यासाठी २०० दिवस संगणकावाचून गेले. दिवसास २० रुपये, म्हणजे विद्यार्थ्यामागे ५० पैसे वाचले. ही बचत समितीच्या खात्यावर दिसते. परंतु तिची भरपाई त्या वर्षी पाचवीत असलेल्या मुलाने केलेली असते. पुढील वर्षी संगणक येतो तेव्हा ते मूल त्या शाळेत नसते. जे मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाच्या फडावर जाणार आहे, त्याच्या वाट्यास तर वर्षातील जून ते ऑक्टोबर एवढेच महिने येतात.

हाच हिशेब उलट बाजूनेही मांडून पाहावा. संगणक आणला, पण तो वर्षातून केवळ २० दिवस उघडला गेला, तर पाच वर्षांत १०० दिवस होतात आणि दिवसाचा खर्च ४०० रुपयांवर जातो. कपाटात कुलूपबंद असलेला संगणक हा सर्वांत महाग संगणक होय. तात्पर्य, घाईने घेणे आणि निष्कारण थांबणे हे दोन्ही तोट्याचे व्यवहार आहेत. त्यांतून वाट काढण्यास शेतकऱ्याचा एक जुना न्याय उपयोगी पडतो.

वाफशाचा न्याय

मृगाची पहिली सर पडली म्हणून जाणता शेतकरी तिफण बाहेर काढीत नाही, आणि सगळा पाऊस पडून जाईपर्यंत बांधावर बसूनही राहत नाही. तो जमिनीचा वाफसा पाहतो. मूठभर माती हातात घेऊन ओल पुरेशी आहे, पण चिखल नाही, अशी खात्री झाली की पेरतो. वाफशाआधी टाकलेले बी वाया जाते. वाफसा आल्यावर न पेरल्यास हंगाम जातो. शाळेचा वाफसा पुढील चार गोष्टींवरून ओळखावा.

१. काम. संगणकावर कोणत्या वर्गाचे, कोणत्या वारी, कोणत्या तासाला, कोणते काम होणार, हे कागदावर लिहिता आले पाहिजे. 'मुलांना संगणक शिकविणे' हे काम नव्हे, तो हेतू झाला. 'तिसरीच्या मुलांनी दर गुरुवारी गोरबोलीतील दहा शब्द व त्यांचे मराठी प्रतिशब्द टंकित करणे, वृद्धांकडून ऐकलेली गीते ध्वनिमुद्रित करणे व वर्षाअखेर त्यांची पुस्तिका तयार करणे' हे काम झाले. अशी निदान तीन कामे लिहिता येत नसतील, तर वाफसा आलेला नाही.

२. माणूस. निदान दोन शिक्षकांस युनिकोडमधील देवनागरी टंकलेखन आले पाहिजे. एकट्यालाच येत असेल, तर त्याच्या बदलीबरोबर संगणकही शाळेतून गेल्यासारखाच होतो.

३. जागा व वीज. खोली गळकी नसावी, दारास कुलूप असावे व विजेच्या जोडणीस अर्थिंग असावे. साधा संगणक व त्याचा पडदा मिळून सुमारे १०० वॅट वीज घेतात असे धरले, तर रोज ३ तासांप्रमाणे २०० दिवसांत ६० युनिट होतात. म्हणजे विजेचा खर्च मोठा नाही. अडचण येते ती वीज जाण्याची. ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरती काही मिनिटे देतो. त्यावर तास घेता येत नाही. जेथे शाळेच्या वेळात वीज तासन्‌तास जाते, तेथे आधी इन्व्हर्टर किंवा सौर संच यांचा विचार करावा.

४. देखभाल. बिघाड झाल्यास मानोरा, दिग्रस किंवा वाशीम येथून कारागीर शाळेत येणार, की यंत्र मोटारीत घालून न्यावे लागणार, हे खरेदीपूर्वीच लेखी ठरवून घ्यावे.

चारही कसोट्या उतरल्या तर थांबू नये. एखादी उणी असेल तर थांबावे; परंतु ती उणीव कोणी व किती दिवसांत दूर करावयाची, हे त्याच सभेच्या ठरावात लिहावे. तारीख नसलेली थांबणूक म्हणजे टाळाटाळ होय.

खरेदीचा महिना

पुष्कळ शाळांत खरेदी मार्चअखेरीस होते, कारण अनुदान ३१ मार्चपूर्वी खर्ची पडावे लागते. या घाईत दोन तोटे आहेत. निवड नीट होत नाही, हा पहिला. दुसरा सहसा लक्षात येत नाही. हमीचा काळ खरेदीच्या दिवसापासून मोजला जातो. पाठोपाठ उन्हाळी सुट्टी लागते आणि विदर्भातील शाळा उष्म्यामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे एक वर्षाच्या हमीतील सुमारे दोन महिने यंत्र बंद पेटीतच जातात. यास्तव विषय जुलै किंवा ऑगस्टच्या सभेत घ्यावा व निधी उपलब्ध असल्यास दसऱ्यापूर्वी खरेदी उरकावी. स्थलांतर करणाऱ्या मुलांनाही तेणेकरून काही आठवडे तरी यंत्रावर हात ठेवता येतो.

खरेदी प्रचलित नियमांनुसारच व्हावी. ठराव, दरपत्रके किंवा जेम पोर्टलवरील नोंद, आणि वस्तू येताच जडसंग्रह नोंदवहीत प्रविष्टी, यांपैकी काहीही मागाहून करू म्हणून ठेवू नये.

तिसरा मार्ग : जुन्यास नवे करणे

घ्यावे की थांबावे, याखेरीज तिसराही मार्ग आहे. अनेक शाळांत जुना संगणक मंद झाला म्हणून पडून असतो. टेबलावरील संगणकाचा मोठा गुण हा की त्याचे भाग सुटे बदलता येतात. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली व स्मृती ८ जीबी केली, तर नव्याच्या किमतीच्या लहानशा अंशात यंत्र पुन्हा कामास लागू शकते. जुना पडदा चांगला असेल तर नव्या संगणकासही तोच जोडावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विंडोज ७ चे पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक जुनी यंत्रे त्यास अपात्र ठरतात. अशा यंत्रावर लिनक्सवर आधारलेली मोफत प्रणाली घालता येते. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, याने सिद्ध केलेली 'बॉस' ही तशीच एक प्रणाली होय. कोणी स्वस्तात किंवा देणगी म्हणून जुना संगणक देऊ लागल्यास तो कोणती प्रणाली चालवू शकतो, हे प्रथम विचारावे. निरुपयोगी देणगी ठेवून घेण्यास जागा लागते आणि निर्लेखित करण्यास वर्षे लागतात.

थांबण्याच्या काळात काय करावे?

वाफसा येण्यापूर्वी शेतकरी नांगरट करतो, काडीकचरा वेचतो, बी निवडतो. त्याचप्रमाणे थांबलेल्या शाळेने कळफलकाचे चित्र पुठ्ठ्यावर काढून मुलांकडून अक्षरांच्या जागा पाठ करून घ्याव्यात. शिक्षकांनी जवळच्या शाळेतील संगणकावर टंकलेखनाचा सराव करावा. गोरबोलीतील शब्द, म्हणी व गीते वहीत गोळा करावीत. संगणक आला त्या दिवशी ही वही तयार असेल, तर पहिल्या तासापासून काम सुरू होते. आणि काही कारणाने संगणक आलाच नाही, तरी वही शाळेजवळ राहतेच.

केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत संगणकावर होऊ शकतील अशी तीन निश्चित कामे वर्ग, वार व तास यांसह लिहा.

२. आपल्या शाळेची पटसंख्या व संगणकाची प्रत्यक्ष मिळालेली किंमत घेऊन विद्यार्थ्यामागे दिवसाचा खर्च काढा. हेच उदाहरण पाचवीच्या मुलांकडून सोडवून घ्या.

३. गेल्या वर्षी दिवाळीनंतर शाळेतून किती मुले स्थलांतरित झाली? संगणक दसऱ्यापूर्वी आणि मार्चमध्ये आला असता, त्यांच्या दृष्टीने काय फरक पडला असता?

४. चार कसोट्यांपैकी आपल्या शाळेत कोणती उणी आहे? ती दूर करण्याची तारीख व जबाबदार व्यक्ती ठरवून तसा ठराव लिहा.