बोर्डिंगला निघालेल्या नातवाला कानमंत्र

बाळा, दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगात राहायला निघालास, तर आधी ती जागा कुणामुळं उभी राहिली ते ऐक. १९०६ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि अध्यक्षपद स्वतःकडं घेतलं. खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं तरच तो शिकेल, हे त्यांनी ओळखलं होतं. मराठा, जैन, लिंगायत आणि त्या काळी अस्पृश्य ठरवलेल्या मुलांच्या वसतिगृहांनाही त्यांनी असाच हात दिला. कुराणाच्या मराठी भाषांतरालाही पैसा दिला. दीन, म्हणजे धर्म, समजावा आणि शाळाही सुटू नये, ही त्यातली शिकवण.

आता कामाच्या गोष्टी.

फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजानंतर परत झोपू नकोस. हिफ्ज, म्हणजे कुराण तोंडपाठ, करायचं असेल तर नवा सबक (धडा) त्याच वेळी, मोठ्यानं म्हणून पाठ कर.

कुराण शरीफची एकच प्रत शेवटपर्यंत वापर. पंधरा ओळींची घेतलीस तर तीच. कुठली आयत पानावर कुठं आहे, हे डोळ्यांनाही पाठ होतं. प्रत बदलली की अडखळायला होतं.

नव्यापेक्षा जुन्या सबकाला जास्त वेळ दे. कुराणाचे तीस पारे (भाग) पाठ होतात, पण रोजचा दौर, म्हणजे उजळणी, चुकवला तर टिकत नाहीत.

तजवीद, म्हणजे कुराण वाचताना उच्चाराचे नियम, उस्तादांसमोर बसूनच शीक. मोबाइल उच्चार ऐकवतो, तुझी प्रत्येक चूक दाखवत नाही.

जे पाठ करशील त्याचा अर्थ मराठीत वाच.

मगरिब ते इशा, म्हणजे संध्याकाळच्या आणि रात्रीच्या नमाजांमधला, वेळ गणित-विज्ञानाला ठेव. जुम्मा असो वा रमजान, शाळेचा अभ्यास रोज झाला पाहिजे.

कुणी मारलं, नको तसा हात लावला, तर गप्प बसू नकोस. आधी घरी सांग. ते जमलं नाही तर १०९८ ला फोन कर, तो मुलांसाठीच आहे. मोठ्यांचा अदब राखायचा म्हणजे अन्याय सोसायचा नव्हे.

आणि तुझ्या अब्बांना सांगणं : बोर्डिंग असो की मदरसा, दहावीचा फॉर्म कुठल्या शाळेतून भरणार हे पहिल्याच दिवशी विचारा. स्वयंपाकघर, संडास, झोपायची खोली स्वतः बघा. अधूनमधून न कळवता जा आणि पोराशी एकट्यानं बोला.

कुराण पाठ करून हाफिज झालास तर घराला आनंदच आहे. पण दहावी पास झाल्याचं प्रमाणपत्रही हातात हवंच.