गिअरबॉक्सचं तापमान मोबाइलवर कसं पाहावं?

प्रश्न : माझी गाडी टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे. पसरणी घाटासाठी ओबीडी रीडर घेतला. पण मोबाइलवर इंजिनचंच तापमान दिसतं, गिअरबॉक्सचं नाही. रीडर खराब आहे का? – एक वाचक, वाई

उत्तर : रीडर बहुधा ठीक आहे. कूलंटचं तापमान ओबीडीच्या सामायिक यादीत असतं, म्हणून ते सहज दिसतं. गिअरबॉक्स ऑइलचा आकडा बहुतेक कंपन्या स्वतःच्या कोडमागे ठेवतात. तुमच्या मॉडेलचा कोड अ‍ॅपच्या ‘कस्टम पीआयडी’मध्ये भरा. मग पडताळा घ्या : रात्रभर उभ्या गाडीत आकडा हवेच्या तापमानाजवळ हवा आणि चालवताना हळूहळू चढायला हवा. सतत उणे 40 दिसलं, तर गाडीकडून माहितीच येत नाही असं समजा.

साधारण 80 ते 100 अंश सेल्सिअसला काळजी नको. चढावर खालचा गिअर निवडा. कन्व्हर्टरची घसरण कमी, तर उष्णताही कमी. आकडा 120 पुढे जाऊन तिथेच राहिला, तर सुरक्षित जागी थांबा, ‘पी’मध्ये इंजिन चालू ठेवा, ऑइल फिरत राहून निवेल. असं वारंवार झालं, तर ऑइल आणि कूलर तपासून घ्याच. घाटात आकडे शेजारच्याला वाचू द्या; तुमची नजर रस्त्यावरच हवी.