पाळक होणार नाहीत, तरी परीक्षा का देतात?

प्रश्न : आम्ही नोएडात राहतो. शेजारचे गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. रविवारी नवरा-बायको दोघं चर्चला जातात. बाई लवकर येतात, पण गृहस्थ घरी पोहोचेपर्यंत दुपार होते. उपासनेनंतर त्यांचा ‘क्लास’ असतो म्हणे. घरीही वही-पुस्तक घेऊन बसतात आणि परीक्षासुद्धा देणार आहेत. या वयात ते पाद्री होणार आहेत का? आणि चर्च जर पाद्रीच चालवतो, तर बाकीच्यांना ‘लीडरशिप ट्रेनिंग’ कशाला हवं?
— एक वाचक भगिनी, नोएडा

उत्तर : तुमचे शेजारी पाद्री होण्याची शक्यता फारच कमी आहे. तुमच्या प्रश्नात दोन समजुती एकमेकींत अडकल्या आहेत. धर्माचा अभ्यास फक्त पाद्री होऊ घातलेला माणूस करतो, ही एक. चर्च पाद्री चालवतो, ही दुसरी. खरा गुंता दुसरीत आहे, म्हणून आधी ती सोडवू.

तुमच्या शेजारच्या दिल्लीतली बरीच जुनी चर्चं ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची आहेत. काश्मिरी गेटजवळचं १८३६ सालचं सेंट जेम्स चर्च त्यांतलंच. सहा वेगवेगळ्या प्रोटेस्टंट परंपरा २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात एकत्र आल्या आणि ही संस्था उभी राहिली. तिचं मुख्यालय मात्र दिल्लीत, पंडित पंत मार्गावर आहे. या चर्चच्या प्रत्येक मंडळीचा कारभार पाहायला एक पास्टरेट कमिटी असते. अध्यक्ष पाळक, म्हणजे पाद्री, असले तरी सचिव, खजिनदार आणि सभासद असतात तुमच्या शेजाऱ्यांसारखे घरसंसारी लोक. त्यांचे प्रतिनिधी बिशपांच्या डायोसिसन कौन्सिलमध्ये बसतात आणि पुढे सिनॉड या सर्वोच्च सभेपर्यंतही जातात. शिवाय पाळकांची काही वर्षांनी बदली होते. नव्या पाळकांना सगळं पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं. छप्पर कुठे गळतं, अंथरुणाला खिळलेल्या कोणत्या आजींना प्रभुभोजन घरी न्यावं लागतं, मागच्या वर्षीचा हिशेब कुठे अडला, हे मंडळीतल्या माणसांनाच ठाऊक असतं. पाळक बदलतात, मंडळी तिथेच असते. मग कारभार मंडळीलाच यायला हवा, हे ओघानेच आलं.

कॅथलिक चर्चमध्ये फादरांचा अधिकार अधिक असतो, हे खरं. पण तिथेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या, म्हणजे पाद्री नसलेल्या सभासदांच्या, कार्यावर स्वतंत्र आदेशपत्र काढलं. १९८३च्या धर्मसंहितेने तर प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अर्थसमिती असलीच पाहिजे, असा नियम घातला. पैशाचे कागद वाचता येणारी माणसं हवीत, म्हणजे ती घडवणंही आलं. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या कामाला रीतसर सेवापदाचा दर्जा दिला. हे काम बहुतेक ठिकाणी प्रापंचिकच करत आले आहेत.

दिल्लीत यात आणखी एक अडचण येते, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इथल्या मंडळ्या बऱ्याच अंशी स्थलांतरितांच्या आहेत. घरकामाला आलेल्या झारखंडच्या उरांव-मुंडा मुली, रुग्णालयांतल्या मल्याळी नर्सेस, ईशान्येकडून शिकायला आलेले नागा-मिझो तरुण, आणि त्यांच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या इथलीच असलेली हिंदी-पंजाबी कुटुंबं अशी ही सगळी माणसं. एकाच इमारतीत सकाळी एका भाषेत उपासना होते, दुपारी दुसऱ्या. गावी असताना कुणी आजारी पडलं, कुणाची मजुरी बुडाली, तर काय करायचं हे सांगायला मंडळीतले वडीलधारे होते. इथे ते नाहीत आणि एका पाळकाला चार भाषा येत नाहीत. मग त्या-त्या गटातूनच माणूस उभा करावा लागतो. तो किंवा ती दिवसभर कामावर असते. म्हणून वर्ग रविवारी, उपासनेनंतर.

आता अभ्यासाकडे वळू. प्रौढांना धर्मविद्यालयात पाठवण्याऐवजी धर्मविद्यालयच त्यांच्या दारी न्यायचं, ही कल्पना १९६३च्या सुमारास ग्वाटेमालातल्या एका प्रेस्बिटेरियन धर्मविद्यालयाने राबवली. शहरात राहून शिकलेले तरुण गावात परतत नव्हते. आणि गावात ज्यांचा शब्द खरोखर चालत होता, ती शेतीवाडी-मुलंबाळं असलेली माणसं शहरात येऊन वर्षानुवर्षं राहू शकत नव्हती. मग घरी अभ्यासायची पुस्तकं तयार झाली आणि शिक्षक ठरलेल्या दिवशी गावात जाऊ लागले. या पद्धतीचे लोक कुंपणाचा दाखला देतात : एक आडवा दांडा अभ्यासाचा, दुसरा प्रत्यक्ष सेवेचा आणि दोन्हींना धरून ठेवणारे उभे खांब म्हणजे नेमाने होणाऱ्या बैठका. भारतात बंगळुरूची ‘टाफ्टी’ ही संस्था १९७१पासून याच रीतीने शिकवते आहे.

यापेक्षा रीतसर पदवी हवी असेल तर बंगालमधल्या सेरामपूरची परंपरा आहे. ज्या मिशनरी विल्यम कॅरींनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, त्यांनीच आपले सहकारी मार्शमन आणि वॉर्ड यांच्यासोबत १८१८ मध्ये तिथलं कॉलेज काढलं. आज सेरामपूरच्या सिनेटतर्फे नोकरदार आणि गृहिणींनाही ख्रिस्ती अभ्यासातली पदविका आणि पदवी बाहेरून परीक्षा देऊन मिळवता येते. तुमचे शेजारी अशाच एखाद्या परीक्षेला बसत असावेत.

पण पुढारीपण परीक्षेतून येत नाही. ते कुठून येतं, ते एका बैठकीत पाहा. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने घडवलेली बायबलवाचनाची सात पायऱ्यांची रीत भारतातल्या छोट्या ख्रिस्ती समूहांमध्येही रुळली आहे. दहा-बारा जण गोलाकार बसतात. एक जण प्रार्थनेने सुरुवात करतो, दुसरा उतारा वाचतो. मग ज्याला जो शब्द किंवा ओळ भिडली, ती तो मोठ्याने उच्चारतो. त्यानंतर काही मिनिटं सगळे शांत राहतात. मग प्रत्येक जण स्वतःपुरतं बोलतो. दुसऱ्याला उपदेश करायचा नाही आणि वाद घालायचा नाही. सहावी पायरी मला सगळ्यांत मोलाची वाटते. मागच्या वेळी ठरलेलं काम झालं का? या वेळी कोणतं काम पुढ्यात आहे? ते कोण करणार आणि कधी? समजा, एका मुलीची मालकीण दोन महिने पगार देत नाही. तिच्याबरोबर कोण जाणार? हात वर करणाऱ्या बाईला पुढच्या बैठकीत काय घडलं ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं. शेवटी प्रार्थना होते. पुढच्या खेपेला बैठक चालवायची पाळी दुसऱ्याची. वर्षभर कधी तोंड न उघडलेली बाई अशीच हळूहळू सभा चालवायला शिकते.

ही रीत आजची आहे असंही नाही. १७४२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलला मेथडिस्टांच्या सभागृहावर कर्ज झालं. ते फेडायला बारा-बारा जणांचे गट पाडून दर आठवड्याला एक-एक पेनी गोळा करायचं ठरलं. वसुली करणारा घरोघर जाऊ लागला, तसं कोण आजारी आहे, कोण दारूच्या आहारी गेलाय, हेही त्याला कळू लागलं. मेथडिस्टांचे प्रणेते जॉन वेस्ली यांनी हे हेरलं आणि त्या वसुली करणाऱ्यालाच गटाची आध्यात्मिक काळजी सोपवली.

आणि मोठेपणी शिकण्याचं म्हणाल, तर मराठीत याहून जवळचं उदाहरण आहे. लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, घरात. त्यांचे पती ना. वा. टिळक यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य टिळकांच्या निधनामुळे सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबलं होतं. लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्यायांची भर घालून ते पुरं केलं. वय झालं म्हणून शिकणं संपलं, असं मराठी वाचकाला तरी कुणी सांगू नये.

आणखी एक शंका अनेकांच्या मनात असते, तिचंही उत्तर देतो. हे वर्ग धर्मांतराचे असतात का? नाही. ते आधीच मंडळीत असलेल्यांसाठी असतात. नव्याने येणाऱ्या प्रौढांची तयारी वेगळी होते. कॅथलिक चर्चने त्यासाठीचा प्राचीन क्रम १९७२ मध्ये पुन्हा सुरू केला. तो टप्प्याटप्प्याने चालतो आणि त्याला बराच काळ लागतो.

मात्र ‘लीडरशिप’च्या नावाखाली जे-जे चालतं, ते सगळंच चांगलं असतं असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी कंपन्यांतल्या स्लाइड जशाच्या तशा दाखवतात, प्रमाणपत्रं वाटतात आणि जेवण करून पांगतात. काही ठिकाणी हे शिक्षण म्हणजे कमिटीच्या निवडणुकीची शिडी होते. चर्चच्या मालमत्तेवरून चालणारे वाद पाहिले, तर हिशेब शिकवण्याआधी उत्तरदायित्व शिकवायला हवं, असं तळमळीने वाटतं. स्त्रियांबाबतही अडचण आहेच. महिला मंडळाचे हिशेब चोख ठेवणाऱ्या बाईला मुख्य कमिटीचं खजिनदारपद द्यायला आजही अनेकांचे हात कचरतात. ती अडचण शिक्षणाच्या अभावाची नाही.

म्हणून एखाद्या चर्चमधलं प्रौढशिक्षण खरं की दिखाऊ, हे ताडायचं असेल तर किती जण पास झाले ते विचारू नका. पाळकांची बदली होऊन नवे येईपर्यंतच्या महिन्यांत उपासना, आजाऱ्यांच्या भेटी आणि हिशेब कुणी सांभाळले, ते विचारा. चार-पाच नावं चटकन पुढे आली, तर तिथला वर्ग नीट चालला आहे.