डिप्लोम्यासाठी कर्ज : हप्ता कशाशी ताडून पाहावा?

मुलीला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला, तीन वर्षांची फी डोळ्यांसमोर उभी राहिली आणि तुम्ही शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला शाखेत आलात. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही, म्हणून हे कर्ज सोपे वाटते. पण आईवडिलांपैकी एकाला सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. हप्ते थकले तर मुलीबरोबर तुमचाही सिबिल स्कोअर खाली येतो. सही करण्याआधी घरी बसून थोडे गणित करा.

समजा फी वर्षाला ५०,००० रुपये आहे आणि व्याजदर १० टक्के. बँक फी वर्षावर्षाने भरते. शिक्षणाची तीन वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज धावतच असते. पहिल्या ५०,००० वर चार वर्षांचे सरळव्याज २०,०००, दुसऱ्यावर तीन वर्षांचे १५,०००, तिसऱ्यावर दोन वर्षांचे १०,०००. म्हणजे घेतले दीड लाख आणि फेडायला सुरुवात होते १,९५,००० पासून. पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ४,१४३ रुपये.

आता हा हप्ता कशाशी ताडायचा? बहुतेक घरांत तो पहिल्या पगाराशी ताडतात. "चौदा हजार मिळतील, त्यातले चार गेले तर गेले." चूक इथेच होते. बारावी झालेली मुलगी डिप्लोमा न करताही काहीतरी कमावणारच होती. समजा गावातल्या दुकानात किंवा कारखान्यात तिला १०,००० मिळाले असते. मग डिप्लोम्याने वाढले ते फक्त ४,०००. हप्ता त्याहून जास्त आहे! शिवाय शिकण्याच्या तीन वर्षांत न मिळालेली कमाई ३,६०,००० रुपये होते, जी कर्जाच्या कोणत्याही कागदावर दिसत नाही. नोकरी सानंदला, पिथमपूरला किंवा चाकणला लागली तर खोलीभाडे आणि मेसही आली, घरी राहून कमावताना ते खर्च नव्हते.

मग डिप्लोमा करूच नये का? तसे नाही. पाचव्या वर्षाचेही गणित मांडा. मदतनिसाचा पगार तोपर्यंत फार तर १२,००० झालेला असेल. मशीनवर हात बसलेल्या डिप्लोमाधारकाला २२,००० मिळत असतील, तर फरक १०,००० वर गेला. डिप्लोम्याचा फायदा उशिरा दिसतो आणि हप्ता मात्र लवकर सुरू होतो, खरी अडचण ही आहे. म्हणून मुदत सात वर्षांची मागून पाहा. हप्ता ३,२३७ वर येतो. एकूण सुमारे २३,००० रुपये जास्त जातात, पण सुरुवातीची वर्षे निभतात. पगार वाढल्यावर जास्तीचे पैसे भरून कर्ज लवकर संपवता येते. बदलत्या व्याजदराच्या कर्जावर वैयक्तिक कर्जदाराला त्यासाठी दंड लागत नाही.

वरचे पगाराचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे आकडे तुम्हीच काढायचे आहेत. कॉलेजच्या माहितीपत्रकावरचा "सर्वाधिक पगार" एकाच मुलाचा असतो, तो सोडून द्या. त्याच शाखेतून मागच्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या चार-पाच मुलांना गाठा आणि हातात किती पडतात ते विचारा. नोकरीला लागायला किती महिने गेले तेही विचारा.

फीबद्दल एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. फी दुप्पट म्हणजे कर्ज दुप्पट आणि हप्ताही दुप्पट, ८,२८६. पगार मात्र दुप्पट होत नाही. बहुतेक राज्यांत सरकारी आणि खासगी पॉलिटेक्निकच्या मुलांची परीक्षा एकच राज्य मंडळ घेते. सरकारी पॉलिटेक्निकची फी खूपच कमी असते, तेव्हा तिथल्या जागेसाठी प्रवेशाची एखादी फेरी थांबावे लागले तरी थांबा. दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोम्याच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचीही वाट आहे. वर्ष एक जास्त जाते, पण डिप्लोम्याची फी दोनच वर्षांची भरावी लागते आणि हातात कामाचे कौशल्य आधी येते.

कर्ज घेतलेच तर शिक्षण चालू असतानाच व्याज भरत चला. पहिल्या वर्षी महिना सुमारे ४१७ रुपये, दुसऱ्या वर्षी ८३३, पुढे १,२५०. तसे केल्यास फेड दीड लाखापासूनच सुरू होते आणि पाच वर्षांचा हप्ता ३,१८७ इतकाच पडतो. अनेक खातेदार एकीकडे आवर्ती ठेव चालू ठेवतात आणि दुसरीकडे हे व्याज साचू देतात. ठेवीवर मिळणारे व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमी असेल, तर अडीअडचणीपुरते पैसे बाजूला ठेवून उरलेल्यातून व्याज भरलेले बरे.

मधेच शिक्षण सुटले तर डिप्लोमा मिळत नाही, कर्ज मात्र राहते. आणि शिक्षण संपून काही महिने झाले तरी नोकरी नसेल, तर पहिला हप्ता चुकण्याची वाट पाहू नका. त्याआधीच शाखेत जाऊन मुदत वाढवण्याचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.