नेरूळहून सिन्नरचं ‘गारगोटी’: जाऊन-येऊन किती पडतं?

मुलांना डायनासोरची हाडं बघायची असतील तर हा रस्ता तुमचा नाही. ती गडचिरोलीत, सिरोंचा तालुक्यातल्या वडधमकडची. नेरूळहून एका दिवसात होणारं काम नव्हे. एका दिवसात होतं ते सिन्नरचं गारगोटी संग्रहालय. के. सी. पांडे यांनी २००१ मध्ये उभारलेलं. इथला मुख्य ऐवज दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोटातले स्फटिक. हिरवट अपोफिलाइट आणि वाघोलीचा गर्द निळा कॅव्हनसाइट चुकवू नका.

पत्ता नीट टाका: माळेगाव एमआयडीसी, सिन्नर. नुसतं ‘मालेगाव’ टाकलंत तर नकाशा तुम्हाला यंत्रमागांच्या गावाला नेऊन सोडेल.

रेल्वेने जायचं तर आधी नेरूळ-ठाणे लोकल. ठाण्याहून सकाळी सातच्या सुमारास दोन गाड्या: तपोवन स्वस्त, शिर्डी वंदे भारत वेगवान (मंगळवारी नसते). वंदे भारतचं तिकीट काढताना ‘जेवण नको’ निवडा, भाडं तिथेच कमी होतं. आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क माणशी नसून तिकिटामागे असतं, म्हणून सगळ्यांचं एकत्र काढा. यूपीआयने भरलंत तर एसीला २० रुपये, बिनएसीला १०, वर जीएसटी. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.

नाशिकरोडला उतरून सिन्नरकडे जाणारी साधी एसटी धरा. सहा किलोमीटरचा टप्पा १०.०५ रुपये, म्हणजे सिन्नरपर्यंत पन्नाशीच्या आसपास. महिलांना निम्मं, ७५ च्या पुढच्यांना फुकट, पण ज्येष्ठांनी आधार दाखवायचं. बाहेरचे रिक्षावाले ‘जाऊन-येऊन’चा भाव सांगतील. थांबण्याचे पैसे त्यात धरलेत का, हे बसण्याआधी विचारा.

गाडीने जायचं तर जाऊन-येऊन पावणेचारशे किलोमीटर धरा. पंधराच्या ॲव्हरेजने २५ लिटर, पेट्रोलच अडीच हजारांच्या पुढे. समृद्धीवर कारला किलोमीटरमागे २.०६ रुपये, शंभर किलोमीटरला २०६. फास्टॅग नसेल तर दुप्पट. दुचाकीला बंदी आहे. टोल वाचवायला जुना नाशिक महामार्ग धरलात तर टोल तिथेही आहेतच, वर कसाऱ्याचा घाट. चौघे असाल तरच गाडी परवडते, दोघांना रेल्वेच बरी.

निघायच्या आदल्या दिवशी संग्रहालयाला फोन करून तीन गोष्टी विचारा: तिकीट एका दालनाचं की सगळ्यांचं, फोटोला वेगळे पैसे आहेत का, आणि शाळेचं ओळखपत्र दाखवलं तर सवलत मिळते का. आत दीड-दोन तास पुरतात. दगड विकत घेतलात तर पक्कं बिल मागा आणि कागदात गुंडाळून हातातल्या पिशवीतच ठेवा. स्टिल्बाइटचे कोपरे बॅगेत उडतात.

परतीची वंदे भारत ठाण्याला रात्री दहाच्या सुमारास पोचते. नेरूळची लोकल कधी आहे ते सकाळीच बघून ठेवा. चुकली तर रिक्षा, आणि बारानंतर मीटरच्या सव्वापट.